रविवारची कृष्णफळं

“तिसरी ओळ उपटून टाका,” साहेब म्हणाले. “रिपोर्टमध्ये दोनच जाती ठेवा.”

मला ते पटेना. कृष्णफळ, म्हणजे पॅशन फ्रूट, आपल्याकडे जमतं का आणि जमलं तर कुठल्या जातीचं, हे बघणं ही माझी नोकरी होती. जोतिबाच्या डोंगराखाली राजाराम आप्पांनी ट्रायलसाठी रान दिलं होतं. तिथं मांडवावर तीन ओळी चढवल्या होत्या: जांभळी, पिवळी आणि या दोघींचा संकर. जांभळी चवीला बरी, पण तिला मर लागली. मर म्हणजे जमिनीतली बुरशी मुळांत शिरते आणि हिरवागार वेल उभ्या उभ्या वाळतो. पिवळीला रोग शिवला नाही, पण फळ आंबटढाण. संकर निरोगी, गोड, फळांनी लगडलेला. आणि दर सोमवारी वजन करायला गेलं की सगळ्यांत कमी तोच भरायचा.

आप्पांनी शेजारचं रान मोकळं ठेवलं होतं. आम्ही सांगू ती जात तिथं लावणार. एकदा मांडव घातला की पुढची काही वर्षं त्यातून सुटका नाही. रिपोर्ट चुकला असता तर ती वर्षं त्या घराची गेली असती, माझी नव्हे.

“साहेब, वेलीवर फळ दिसतंय, काट्यावर येत नाही. जातं कुठं?”

“माकडं.”

“एकच ओळ खातात?”

“त्यांनाही चव कळते, मॅडम. आठवडाभर थांबतो. मग सही.”

कृष्णफळ तोडत नाहीत. पिकलं की ते आपोआप खाली पडतं, ते गोळा करून मोजायचं. पुढच्या सोमवारी मी काटा गाडीतच ठेवला आणि आधी बांध धुंडाळला. काही नाही. मग गोठ्यामागं उकिरड्यावर गेले, तर टरफलांचा ढीग. चमच्यानं गर काढून घेतलेली, अर्धी अर्धी कापलेली. आणि टरफलांवर गुलाबी बोटं उमटलेली. जोतिबाचा गुलाल. माकडं अजून तरी गुलाल उधळत नाहीत.

आप्पांच्या घरच्या सुमनवहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

“वहिनी, तिसऱ्या ओळीची फळं कोण खातंय?”

“पावणं की,” त्या म्हणाल्या. “ऐतवारी जोतिबाला जाऊन आलं की हितं टेकत्यात. त्यास्नी तसंच लावून देऊ व्हय?”

“मग पिवळी द्यायची.”

“आंबट? पावण्याला?” शिळं वाढायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“निदान वजन करून तरी द्या.”

“पावण्याच्या म्होरं काटा मांडू? सोयरीक तुटंल की, मॅडम.”

मी कपाळाला हात लावला. आप्पा दारात उभे राहून मिशीत हसत होते. “मॅडम, तुमी दर सोमवारी सरबत पिताय, ते कुटल्या ओळीचं वाटलं तुमास्नी?”

 समोर आलेला पेला मी संपवला.

पाहुणचार बंद करा, असं त्या घरात सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं तर इच्छाही नव्हती. म्हटलं, टरफलं तेवढी फेकू नका, टोपलीत ठेवा. टरफलांवरून फळं किती ते कळतं आणि फळाच्या सरासरी वजनावरून उत्पादनाचा अंदाज येतो. साहेबांकडून हंगाम संपेपर्यंत मुदत मागून घेतली. वहिनींनी एकही टरफल हुकवलं नाही. पाहुण्यांना म्हणे दम भरायच्या, “सालपाट टोपलीत टाका, मॅडमचं हाय.”

हंगाम संपला तेव्हा तिसरी ओळ पहिली आली. साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“पाहुणचार, साहेब.”

ते हसले आणि सही केली. आप्पांच्या रानात संकराचा मांडव उभा राहिला, आणि मर तिकडं फिरकली नाही.

चवीची परीक्षा घ्यायला ऑफिसात आम्ही माणसं बसवतो, त्यांच्यापुढं मार्कांचे कागद ठेवतो. वहिनींनी ती परीक्षा दर रविवारी घेतली, वर पोटभर जेवूही घातलं. त्या घराचे उपकार मला फिटायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर परवा जोतिबाला गेले आणि उतरताना त्यांच्याकडं टेकले. सरबत पुढं आलं. कुठल्या ओळीचं, ते या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

नव्या पोरांना मी एवढंच सांगते. उत्पादन कमी दिसलं की माती तपासा, पाणी तपासा, कीड बघा. आणि त्याआधी त्या घरी पावणं किती येतात ते विचारा.