वरचं बटण

लातूरहून नांदेडला जाताना बसमध्ये शेजारी बसलेले गृहस्थ ठिबक सिंचनाच्या कंपनीत होते. अशा कंपन्यांवर अहवाल लिहिणाऱ्या विश्लेषकांशी संबंध राखणं हे त्यांचं काम. शर्टाचं वरचं बटण लावून त्यांनी एका विश्लेषक बाईंना फोन केला, "मॅडम, आमची नवी नळी उन्हात तडकून राहिली."

"स्वतःच सांगता?" मी न राहवून विचारलं.

"सोयरिकीत पोराची खोट आपणच सांगावी. गावानं सांगितली, की मग आपलं खरं बी कुणी ऐकत न्हाई."

मग मॅडमना हे सांगून टाकल्याचं त्यांनी फोनवर आपल्या साहेबांनाही कळवलं. "उद्यापासून येऊ नका," हे पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू आलं. त्यांनी बटण सोडलं.

लोह्याच्या थांब्यावर त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांनी पुन्हा बटण लावलं.

"हाव, सगळं बेस हाय," ते म्हणाले. "तू जेवून घे."