मायाची कडी

माया रोकडेच्या पिशवीत रंगाच्या डब्याशेजारी एक लोखंडी कडी असते, चार स्क्रू आणि शिलाई मशीनच्या पेचकसासकट. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या शेजारणी यावरून तिची भरपूर थट्टा करतात. पण ज्याने गावोगावच्या जत्रेतली नाटकं पाहिली आहेत त्याला विचारा. भाड्याने आणलेल्या त्या सीनसिनेरीतल्या दाराला कडी कधीच नसते. नायिका रडत रडत दार लावून घेते आणि तिची पाठ वळली की दार आपलं आपण उघडतं. सगळं पटांगण खो खो हसतं. माया नटी म्हणून पहिल्याच वर्षी असं हसू झेलून आली होती. तेव्हापासून कडी स्वतःची.

या नाटकांत पुरुष गावातले असतात आणि बायका बाहेरच्या. गावच्या सुनांनी तोंडाला रंग लावायचा नाही, म्हणून नटी आणायची, तीही प्रयोगाच्या दिवशी दुपारी. एक तालीम झाली की संध्याकाळी पडदा वर. एरवी माया उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारते. तिचा सिंधी शेठ तिने सुट्टी मागितली की विचारतो, "हीरोइन, तेरा पिक्चर कब आएगा?" ती म्हणते, "तुम्हारे पोते की शादी में." आणि सुट्टी घेतेच. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, नवरा वारलेला, मुलगी नोकरीला लागलेली. ती कोणाला भिणार आणि कशाला?

त्या वर्षी हेंद्रेपाड्याच्या पुढे, नदीकडच्या एका पाड्याने तिला बोलावलं. नाटक तिथल्याच बबननानांनी लिहिलेलं. नाना कारखान्यातून रिटायर झालेले, दर जत्रेला एक नाटक लिहिणारे. आजवर त्यांच्या नाटकांत तलवारी खणखणायच्या. या खेपेला मात्र त्यांनी घरातलीच गोष्ट लिहिली होती. एक आई, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा बहिणीला गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही करायला लावतो आणि सगळी जमीन बिल्डरला देतो. बहिणीला सासरी थारा राहत नाही, ती विहिरीत जीव देते. शेवटच्या अंकात तो मुलगा आईच्या दारात येतो, आणि आई दार उघडत नाही.

मायाने संहिता आठ दिवस आधी मागवून घेतली होती. मशीन चालवता चालवता तिने ती पाठ केली आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, म्हाताऱ्याने काम चोख केलंय. पहिल्या अंकात आई तीनदा दार उघडते. मुलगा उशिरा येतो तेव्हा उघडते, पिऊन येतो तेव्हा उघडते, मागे पोलीस लागलेले असतात तेव्हाही उघडते. बघणाऱ्याला सवय होते, ही बाई उघडणारच. आणि मुलगाही काही राक्षस नाही. त्याच्या पोराला शिकवायचंय, डोक्यावर पक्कं छप्पर हवंय, त्याचंही काही खोटं नाही. म्हणून तर शेवटी ती उघडत नाही तेव्हा ते बघणाऱ्याला लागतं. कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं तरच शिवण सरळ येते, हे तिला कोणी नाट्यशाळेत शिकवलं नव्हतं. पंचवीस वर्षं ती तेच करत होती.

तर दुपारी तालमीला ती पोचली. कडी बसवली, पदर खोचला. मुलाचं काम प्रमोदशेठकडे. चाळिशीचा, अंगाने भरलेला, गळ्यात जाड साखळी. पटांगणातला मंडप त्याचा, भोंगे त्याचे, सीनसिनेरीही त्यानेच आणवलेली. पहिले दोन अंक बरे झाले. तिसऱ्यात तो दाराशी आला आणि थांबला.

"मॅडम, इथे जरा चेंज केलाय," तो म्हणाला. "मी आवाज देतो, तुम्ही दार उघडता, मला जवळ घेता. मग पाहुण्यांचा सत्कार. देवीच्या पटांगणात रडका शेवट नको. पब्लिक खूश होऊन घरी गेली पाहिजे."

देवी समोरच होती, राक्षसाच्या छातीवर पाय देऊन उभी. तिला रडक्या शेवटाचं वावडं असावं, असं मूर्तीकडे बघून तरी वाटत नव्हतं.

मायाने नानांकडे पाहिलं. नाना चष्मा पुसत होते.

"तुम्ही लिहिलंय ना नाना?"

"लिहिलंय," नाना पुटपुटले. "पन मंडप त्याचा हाय."

"मग पुढच्या वर्षी नाटक मंडपवाल्याकडूनच लिहून घ्या." ती प्रमोदकडे वळली. "शेठ, शेवटी उघडायचंच असेल तर पहिल्या अंकात मी तीनदा उघडते ते फुकट. बहीण मेली तेही फुकट. दोन तास लोकांना बसवायचं कशाला? सत्कार करा आणि घरी जा."

"तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला गावचं माहीत नाही. आमच्यात आई असं करत नाही."

"म्हणूनच नाटक करायचं."

प्रमोदचा चेहरा उतरला, आणि मग लाल झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "ऐकायचं नसेल तर सांगा. कल्याणपर्यंत सगळ्या मंडळांत माझी ओळख आहे. एकही गाव बोलावणार नाही तुम्हाला."

तो गेल्यावर नानांनी तिला खरं काय ते सांगितलं. प्रमोदची सख्खी बहीण नेत्रा, अंबरनाथ पश्चिमेला दिलेली. चार वर्षांपूर्वी त्याने तिची अशीच सही घेतली. तेव्हापासून तिने माहेरचा उंबरा ओलांडलेला नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. आणि आज पहिल्या रांगेत त्याची आई बसणार, सखूबाई.

आतापर्यंत मायाला राग होता तो आपलं काम बिघडवल्याचा. आता तिला वेगळाच राग आला. तिचा बाप जलशात ढोलकी वाजवायचा. तो म्हणायचा, समोरच्याला सोसवत नाही म्हणून सूर खाली घ्यायचा नाही. तिने ठरवलं, गावं जाऊ देत खड्ड्यात. दार उघडायचं नाही.

दहाला भोंगे बंद करावे लागतात म्हणून नाटक साडेसहालाच सुरू झालं. पटांगण खच्चून भरलेलं. पहिल्या अंकात आईने दार उघडलं आणि एक म्हातारी जोरात म्हणाली, "लाडान बिगडवलाय." लोक हसले. दुसऱ्यांदा थोडे कमी हसले. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. बहिणीने सही केली तेव्हा बायकांच्या बाजूला बऱ्याच जणींनी पदर तोंडाला लावले, ते मायाला विंगेतून दिसलं.

तिसऱ्या अंकाला ती रंगमंचावर गेली, दार लावलं आणि हात कडीकडे नेला. कडी नव्हती. चार भोकं होती फक्त.

दार रंगमंचाच्या मधोमध उभं होतं, एका बाजूला अंगण, दुसऱ्या बाजूला घर. लोकांना दोघंही दिसत होते. अंगणात प्रमोद उभा होता आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीकसं हसू होतं. मायाला ते फटीतून दिसलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पदर कमरेला आवळला, दाराला पाठ लावून खाली बसली आणि टाचा फळ्यांत रोवल्या.

"आये, दार उघड," तो म्हणाला.

"बहीण येऊ दे तुझी. ती आली की उघडते."

वाक्य नानांचंच होतं. पण मेलेल्या मुलीची आठवण काढून म्हटलेलं ते वाक्य मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत गेलं. प्रमोदने दार ढकललं. माया हातभर सरकली. तिने टाचा मारून दार परत मागे रेटलं. त्याने पुन्हा ढकललं, आता नाटकातलं नव्हे, खरंच. पातळ प्लायवूड कुरकुरलं, मायाची पाठ सोलवटली. तिच्या मनात आलं, हा अंगाने दुप्पट, आणखी एकदा जोर लावला की आपण तोंडावर पडणार, आणि हे सगळे हसणार.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"सोरू नको गो बाय. धरून ठेव."

सखूबाई उभी राहिली होती. तिच्या मागे आणखी बायका उभ्या राहिल्या. प्रमोदने आईकडे पाहिलं. दारावरचे त्याचे हात सुटले. मघापर्यंत छाती काढून काम करणारा तो माणूस अंगणात उकिडवा बसला आणि नानांनी लिहिलेलं शेवटचं वाक्य इतक्या बारीक आवाजात बोलला की भोंग्यातूनही जेमतेम ऐकू आलं.

"मी चुकलो, आये."

माया उठली नाही. पडदा पडेपर्यंत ती तशीच दाराला पाठ लावून बसून राहिली.

सत्कार झालाच नाही. शाली कोणाला घालायच्या हेच कोणाला सुचेना.

रंगपटात ती रंग पुसत असताना नाना आले. त्यांनी खिशातून कडी काढून तिच्यासमोर ठेवली. "त्यानं सांगितलं, मी काढली. माफ कर."

"आत्ता कुठे नाटक लिहिलंत नाना, आणि लगेच घाबरलात," ती म्हणाली. पण रागाने नाही.

त्यांच्या मागून सखूबाई आली. तिने मायाच्या पाठीवरचे वळ पाहिले, त्यावरून बोटं फिरवली.

"माजे दाराला पन कडी हाय गो," ती म्हणाली. "तो नेत्राचे सयीचा कागद घेऊन आला तवा मीच दार उघडून दिला. च्या पन केला."

बाहेरून प्रमोदचा आवाज आला. "आई, गाडीत बस. घरी चल."

"तू जा," म्हातारी म्हणाली. "मना अंबरनाथला जावाचा हाय. नाटकान मेली ती. माजी हाय अजून."

बाहेर गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. गाडी एकटीच गेली.

मायाने पिशवी भरली. तिलाही अंबरनाथलाच, बुवापाड्याला जायचं होतं. पुढल्या वर्षी या बाजूचं एकही बोलावणं येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. रस्त्यावर येऊन दोघी रिक्षात बसल्या. अंबरनाथ जवळ आलं तशी सखूबाईने मायाचं मनगट घट्ट धरलं.

"नेत्रा दार उघडंल का गो?"

खोटं बोलणं सोपं होतं. माया म्हणाली, "नाही उघडलं तर बाहेर बसू, मावशी. मी आहे."