फ्रीजवरचा फोन

आमच्या घरात एक नियम होता. आईला सांभाळायला येणाऱ्या बाईने दिवसभर आपला मोबाइल हॉलमधल्या फ्रीजवर ठेवायचा. नियम बायकोने केला, पण सोयीचा मलाही होता.

अर्धांगवायू झाल्यापासून आईला कूस बदलायलाही माणूस लागतं. बाया पुरवणाऱ्या सेंटरकडून चोवीस तासांच्या बाया यायच्या नि जायच्या. रात्री तीन-चारदा उठायचं, शिवाय दिवसा आमची भांडीही घासायची, झोपायला आईच्या खाटेशेजारी सतरंजी. कोण राहील? तरी आम्ही म्हणायचो, साताऱ्यात हल्ली चांगली बाई मिळत नाही. वडूजकडची ही एकटीच टिकली होती. आईला घास तिच्याच हातून उतरायचा.

त्या दिवशी बायको भाच्याच्या साखरपुड्याला सांगलीला गेली होती आणि माझ्या बँकेत ऑडिट होतं. मी बूट घालत होतो, ती आत आईचं अंग पुसत होती. फ्रीजवरचा फोन वाजला. मी उचलला. तिचा भाऊ होता.

“आवं, आक्काला सांगा, आई गेली. लगीच पाठवा तिला. तिनं तोंड बघितल्याबिगर उचलत न्हाई आमी.”

“पाठवतो,” म्हणालो.

आतून तिचा आवाज येत होता. पावडर लावून नवरीवाणी नटवते तुमाला आज्जी, असं काहीतरी चाललं होतं, आणि आई वाकड्या तोंडाने हसत होती. सांगितलं तर ही उभ्या पायी निघणार. दहावा-तेरावा होईपर्यंत येणार नाही, आणि मग तरी येईल कशावरून? संध्याकाळी बायको आली की सांगू, असं ठरवलं. तिचा फोन खिशात टाकून मी बँकेत गेलो.

दुपारी तो खिशात वाजला. भाऊच. “निघाली का आक्का?”

“निघाली,” मी म्हणालो.

संध्याकाळी बायको घरात आल्यावर मी आईला भरवत बसलेल्या त्या बाईच्या हातात तिचा फोन दिला आणि आत्ताच निरोप आलाय म्हणालो. पेजेची वाटी बायकोकडे देऊन ती तशीच चालती झाली.

दोन आठवड्यांनी बॅग न्यायला आली. आत शिरताच सवयीने फोन फ्रीजवर ठेवला, मग परत उचलून कमरेला खोचला. बायको आंघोळीला गेली होती.

“दिस बुडंस्तवर थांबली व्हती समदी,” ती हळूच म्हणाली. “मी पोचले तवा चिता विझाया आलेली. दादा, दुपारी निघालेली ती कोण व्हती?”

मी बॅग उचलून द्यायला वाकलो. तिने हात लावू दिला नाही.

आधी न सांगता काम सोडलं म्हणून बायकोने सेंटरकडे तक्रार केली. मी शेजारीच बसलो होतो. सेंटरने तिला पुढे काम दिलं नाही, हे नंतर आलेल्या बाईकडून कळलं. तीही टिकली नाही. विचारणाऱ्यांना मी आजवर सांगत आलो, या बाया टिकतच नाहीत हो. बायकोलाही खरं काय ते हे वाचूनच कळेल.

आई अजून आहे. मी भरवायला बसलो की घास गालात धरून ठेवते, दाराकडे बघते आणि विचारते, “आली?”

“निघालीय,” मी सांगतो.

मग ती गिळते.