रिकामा डबा

"काहून बाई, डबा रिकामाच देऊन राह्यल्या का?" असं म्हणत मावशी आपला स्टीलचा डबा माझ्यासमोर उलटा धरायच्या आणि हसायच्या. हसता हसता खोकायच्या.

भरवेलीहून त्या दर महिन्याला आमच्या संस्थेच्या बालाघाटच्या ऑफिसात बचत भरायला येत. डब्यातून माझ्यासाठी लाखोळीची डाळ, नाहीतर बोरं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे तुम्हा-आम्हाला आईनं शिकवलेलं असतं. खुर्चीवर बसलं की विसरायला होतं. मग मी ओशाळून चहाची साखर त्यात ओतायची.

आमची योजना साधी होती. बाई जेवढं वाचवेल तेवढीच जोड संस्था घालणार आणि मुदत संपली की त्यातून कमाईचं साधन घ्यायचं. सुरुवातीला त्यांच्या वस्तीत कुणाला पटेना. "फुकट कोन देते जी?" तासभर बोलून माझा घसा बसला. तेव्हा मावशी उठल्या. "अवो, डबा रिकामा वापस नाही करत, तसंच हाय हे!" बायका खुदकन हसल्या आणि सह्या-अंगठे झाले. पगार मात्र मी घेतला.

मावशींना घरघंटी, घरगुती पिठाची चक्की, हवी होती. बिड्या वळून छाती पोखरली होती. "लोकायचं दळन दळीन, पन तंबाखूले हात नाही लावनार," म्हणायच्या.

मुदतीला दोन महिने उरले होते. मावशी हळूच म्हणाल्या, "थोडे पैसे काढू का, बाई? डॉक्टर नागपूरले जा म्हन्ते."

मी नियम सांगितला. आधी काढले तर जोड जाते. "दोनच महिने कळ काढा, मावशी."

"हौ," म्हणाल्या. साखरेचा डबा घेतला आणि गेल्या. मला शहाणपण शिकवायची भारी हौस. त्या दिवशी जीभ आवरली असती तर, असं अजूनही रोज वाटतं.

घरघंटी आली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बटण सुनेनं दाबलं. पंधरा दिवसांत मावशी गेल्या.

तेरवीनंतर सून ऑफिसात आली. तोच डबा, काठोकाठ पीठ. "पयलं दळन तुमच्यासाठी काढून ठेवलतं सासूबाईनं. डबा मंग देजा."

त्या पिठाच्या पोळ्या मी रडत खाल्ल्या. डबा घासला, साखर भरली आणि भरवेलीला गेले. दोनदा गेले. दारापर्यंत पोचले की आतून घरघंटीची घरघर ऐकू येते आणि मी भरला डबा घेऊन तशीच परत फिरते.