नारळाच्या पाण्याने चिकटलेली बोट

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. फजित्या काय, माझ्या पुष्कळ झाल्यात. पण भर खाडीत, अख्ख्या गावादेखत, टाळ्यांच्या गजरात झालेली ही एकच!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईत फायबरच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात होतो. बरी नोकरी होती. ती सोडून रत्नागिरीला परत आलो. कशासाठी? तर हौसेने फिरायच्या शिडाच्या बोटी बनवायला. आईने बोलणंच टाकलं. शेजारी विचारायचे, ह्या बोटीतून मासळी किती येणार? मी म्हणायचो, मासळी नाही, नुसतं फिरायचं. मग ते माझ्याकडे नाही, आईकडे बघायचे. कीव आल्यासारखे! त्यांचंही खरंच होतं म्हणा. काम नसताना समुद्रात जातं कोण?

गिऱ्हाईक मिळालं होतं एकच, पुण्याचे एक डॉक्टर. त्यांना बोट आवडली तर त्यांचे तीन मित्रही घेणार होते. नाही आवडली, तर मी परत मुंबईला, टाक्या बनवायला. सगळा जीव त्या एका बोटीत अडकला होता.

आता अशी बोट करतात कशी? आधी बोटीच्या आकाराचा मोठा साचा करायचा. बाहेरून ओबडधोबड, लोखंडी अँगल मारलेला. आतून आरशासारखा गुळगुळीत. मोदकाच्या साच्याला तूप लावतो ना, तसं ह्यालाही आतून एक औषध लावायचं. त्याचा पातळ पापुद्रा धरतो. त्यावर रंग, मग काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिनचा चिकट लेप. सगळं कडक झालं की बोट अलगद बाहेर. आणि त्याच साच्यातून पुढची बोट, मग तिच्या पुढची. खरी इस्टेट म्हणजे साचा. तो करायलाच माझा सगळा पावसाळा गेला होता.

पथ्य फक्त एक. त्या पापुद्र्याला पाणी लागता कामा नये, साखरेसारखा विरघळतो आणि मग रेझिन थेट साच्यालाच चिकटतं. म्हणून मी घरादाराला धारेवर धरलं होतं. ओल्या हाताने शेडमध्ये यायचं नाही. आईला तर तिथे उभं राहून घाम पुसायलाही बंदी.

मुहूर्ताच्या दिवशी, साच्यात पापुद्रा धरल्यावर, मामा आला. आईचा भाऊ, उभा जन्म गलबतावर गेलेला. म्हणाला, नारळ वाढवल्याशिवाय आपल्याकडे साधी होडीसुद्धा होत नाही. मलाही धाकधूक होतीच. नोकरी सोडलेल्या माणसाला देव जरा जास्तच आठवतो. मी नारळ वाढवला, साच्याच्या पुढच्या टोकाला कुंकू लावलं, हात जोडले. आणि नारळातलं पाणी अगदी भक्तिभावाने साच्यात सगळीकडे शिंपडलं.

हो, मीच! ह्याच हाताने! आता तुम्ही विचाराल, अक्कल कुठे गेली होती? अहो, ते पाणी आहे असं डोक्यातच आलं नाही. ते तीर्थ होतं ना!

बोट झाली. आत फळ्या बसल्या, डोलकाठी उभी राहिली. आता हिला साच्यातून काढायची, तर ती ढिम्म. पाचरी ठोकल्या, दोर लावून ओढली, शेजारचे गडी बोलावले. जिथे जिथे तीर्थ पडलं होतं, तिथे तिथे बोट आणि साचा एकजीव झाले होते. आणि डॉक्टर तर दुसऱ्या दिवशी सहकुटुंब यायचे होते. मी रडकुंडीला आलो.

मामा विडी ओढत म्हणाला, "मेल्या, आतून बोटीसारखी दिसतेय ना? मग सोड तशीच साच्यासकट. भायेरचा कोण बघतोय?"

डॉक्टरांनी आल्या आल्या भायेरचाच बघितला. "हे काय हो, एवढं खडबडीत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कवच आहे ते. डबल संरक्षण."

"आणि हे लोखंड?"

"समुद्रात बोट कलू नये म्हणून."

परदेशातही असंच असतं का, असं त्यांनी विचारलं. तिकडे अजून एवढं पुढे गेलेले नाहीत, असं मी सांगितलं. एकदा जीभ सुटली की थांबते थोडीच? मामा तोंड फिरवून खोकत राहिला.

भाट्याच्या खाडीत ते धूड लोटायला निम्मी आळी लागली. मी, डॉक्टर आणि मामा चढलो. शीड उभारलं. बोट तरंगली, पण डबक्यातली म्हैस जेवढी वर असते तेवढीच! काठाला पाणी लागत होतं. साच्याच्या आणि बोटीच्या फटीतून ते हळूहळू आत चाललं होतं, आणि राहिलेला पापुद्रा विरघळत होता. रेझिन कडक झाल्यावर तो विरघळला की बोट उलट सुटते, आणि चिकटलेल्या चार जागांवर लोखंडी साच्याचा सगळा भार आला होता. मला कसला पत्ता? मी डॉक्टरांना भरती-ओहोटी समजावत होतो.

खाडीच्या मध्यावर खालून कडकड आवाज आला. मामाने देवाचं नाव घेतलं. जोराचा हिसका बसला आणि बोट टुणकन वर उसळली. बघतो तर काय, खाली निळीशार, तुकतुकीत, चकाकणारी बोट! शिडात वारा भरला आणि ती अशी सुटली म्हणता! किनाऱ्यावर टाळ्या, शिट्ट्या. मला तर रडूच आलं आनंदाने. उभा राहून मी दोन्ही हात हलवत होतो. मामा माझा सदरा ओढून हाताने मागे दाखवत होता.

मागे माझा साचा बुडबुडे काढत खाली चालला होता. अँगलसकट. खाडीने तो परत दिलाच नाही. माझा अख्खा कारखाना बुडत होता आणि मी त्याला हात हलवून निरोप देत होतो!

डॉक्टर मात्र खूश. "काय डोकं आहे हो तुमचं! पाण्यात आली की कवच टाकते. माझ्या तिन्ही मित्रांची ऑर्डर पक्की समजा."

मी कसाबसा हसलो.

"फक्त एक अट," ते म्हणाले. "ती कवच टाकायची गंमत प्रत्येक बोटीत हवी. मित्र खास ते बघायलाच येणार आहेत."

नाही म्हणायची सोय होती का? जगात लोक एका साच्यातून शंभर बोटी काढतात. दर बोटीमागे एक नवा साचा करून तो वाजतगाजत खाडीत बुडवणारा कारखानदार मात्र तुमच्यासमोर बसलाय.