नुसती सही आहे

ऑफिसातले किस्से डाउनलोडच्या फोल्डरसारखे साठत जातात. कधी उतरवून घेतले ते आठवत नाही, आणि पुसायला मात्र मन होत नाही! नोएडातल्या एका अँटिव्हायरस कंपनीतले माझ्याकडे असे बरेच पडून आहेत. मेट्रो तिथवर यायच्या आधीची गोष्ट ही. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून चार्टर्ड बस पकडून मी जायचे. आमच्या खोलीत माणसं तीनच: साहेब चड्ढा सर, गाझियाबादचा त्यागी आणि मी, साळवे. तिथं सगळे मला 'साल्वे' म्हणायचे, आणि आठवडाभरात मीही स्वतःला तसंच म्हणायला लागले.

सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. पहिल्याच दिवशी चड्ढा सरांनी व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात माझं नाव लिहिलं आणि म्हणाले, "तीन गलत फैसले, और टाटा!"

*

पप्पा मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. जेवताना त्यांनी विचारलं, "दिवसभर करतेस तरी काय तिथं?"

"फायली तपासते."

"सह्या असतात त्यांवर?"

"असतात ना. डिजिटल."

पप्पा एकदम खूश! "अगं, मग हे आमचंच काम!"

मग मी सांगितलं, की सही खरी निघाली तरी आम्ही फाइल चालवून बघतो. आत ॲडवेअर लपलेलं असू शकतं, म्हणजे न विचारता जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर. पप्पांचा घास हातातच राहिला.

"सही झाल्यावर तपासता? आमच्याकडे एकदा सही झाली, की फाइल कुणी उघडतसुद्धा नाही!"

असल्या ऑफिसचा काय भरवसा, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारी परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला. मी पक्की झाले नाही तर तो भरायचा, असं ठरलं. मला तर हे काम मनापासून आवडायला लागलं होतं. तो फॉर्म दिसला की मी त्यावर पेपर टाकून ठेवायचे.

*

मला शिकवायचं काम त्यागीकडे होतं. त्याची शिकवण्याची पद्धत न्यारीच.

"देख साल्वे, व्हायरस मतलब चोर. ॲडवेअर मतलब दूर की मौसी का लड़का. दो दिन के लिए आया, और अब रिमोट उसके हाथ में है!"

"और डिजिटल सिग्नेचर?"

"राशन कार्ड! नाम-पता पक्का. चाल-चलन की कोई गारंटी नहीं!"

नंतर मी जाडजाड मॅन्युअल्स वाचली. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

*

पहिली रेघ माझ्या नावापुढे ओढली गेली ती कुंडलीच्या सॉफ्टवेअरपायी. मेरठच्या एका पंडितजींनी ते बनवलं होतं. सही व्यवस्थित. पण कॉम्प्युटर सुरू केला की रोज सकाळी एक खिडकी उघडायची: आज पैशाचे व्यवहार टाळा, नीलम धारण करा. मला वाटलं, ही रत्नांची जाहिरात! मी ठोकून दिलं, ॲडवेअर.

दोन दिवसांनी पंडितजींचा फोन. आवाज चढलेला. "मॅडम, ये आपने क्या किया? वो विज्ञापन नहीं है, भविष्य है!"

सरांनी तपासलं. विकत काहीच नव्हते बिचारे, आणि रोजचं भविष्य हवं की नको हे बसवतानाच विचारत होते. रेघ ओढली गेली. मी चाचरत पंडितजींची माफी मागितली, तर म्हणाले, "कोई बात नहीं बेटी, उस दिन मेरा ही दिन ख़राब लिखा था."

*

दुसरी रेघ मात्र मराठीमुळे!

आईचा फोन चालू होता. पार्टिशनपलीकडून त्यागीने विचारलं, "साल्वे, वो वॉलपेपर वाली फाइल?" मी अजून फक्त सही बघितली होती, बाकी सगळं व्हायचं होतं. आणि डोक्यात आई असल्यामुळे तोंडातून मराठी निघालं, "सही आहे!"

त्यागीने ऐकलं, सही है. लावला क्लीनचा शिक्का!

दुपारपर्यंत फोनवर फोन. आमच्या भरवशावर ते वॉलपेपर उतरवून घेतलेल्या एका शाळेच्या प्रिन्सिपल मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. पालकांची मीटिंग चालू, आणि पडद्यावर दर मिनिटाला बँक्वेट हॉलची जाहिरात. त्यात एक नवरी नाचत होती!

"इसने बोला सही है!" त्यागी ओरडला.

"मैंने बोला सही आहे!" मी ओरडले.

"वही तो!"

सरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मराठीत सही म्हणजे सिग्नेचर, हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग माझ्या नावापुढे दुसरी रेघ ओढली, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'इस कमरे में सही बोलना मना है!'

*

एकदा चड्ढा सरांनी घरचा कॉम्प्युटर उचलून आणला. म्हणे फार हळू चालतो, जरा बघा. त्यागीने ब्राउझर उघडला, तर वरच्या बाजूला टूलबारच्या पट्ट्याच पट्ट्या! पान दिसायला खाली चार बोटं जागा उरलेली.

"सर, इतनी पट्टियाँ? आपके घर में?"

सर खजील होऊन म्हणाले, "बेटा, सब साइन्ड थीं!"

*

प्रोबेशनचा शेवटचा दिवस. बोर्डावर दोन रेघा. मी ठरवलंच होतं, आज घाई म्हणून करायची नाही.

चहाच्या सुमारास एका ग्राहकाने पाठवलेली फाइल आली. ती चालवून बघितली. न विचारता शॉपिंगची पट्टी चिकटवत होती, होमपेज बदलत होती, आणि काढून टाकली तरी पट्टी जागची हलत नव्हती. सरळसरळ ॲडवेअर. सही अगदी खरी. मग सही कुणाची ते बघितलं.

आमच्याच कंपनीची! त्याच आठवड्यात बाजारात आलेलं, आमच्या अँटिव्हायरसचं फुकट व्हर्जन. सेल्सवाल्यांनी परस्पर कुणाची तरी पट्टी आत बसवून दिली होती.

मी तीनदा तपासलं. त्यागी डोकावला, वाचलं, आणि खुर्ची मागे घेत म्हणाला, "मैंने कुछ नहीं देखा, यार."

क्लीन म्हणावं तर ते खोटं. ॲडवेअरचं बटन दाबावं, तर देशभर आमचा अँटिव्हायरस आमच्याच अँटिव्हायरसला पकडणार! आणि घरी टेबलावर तो फॉर्म. शेवटी सरांकडे गेले.

"सर, एक फाइल है. ॲडवेअर है."

"तो लगा दे."

"साइन्ड है."

"तो क्या हुआ?"

"सर, साइन अपना है."

सर उठून माझ्या खुर्चीत येऊन बसले. फाइल बसवली, काढली. पट्टी तशीच. पुन्हा बसवली, पुन्हा काढली. मग चष्मा काढून रुमालाने पुसत राहिले.

"प्रोबेशन कब ख़त्म है तेरी?"

"आज, सर."

ते उठून केबिनमध्ये गेले. मला वाटलं, संपलं. बाहेर आले ते माझं कन्फर्मेशन लेटर घेऊन. उभ्याउभ्याच खिशातलं पेन काढलं, खाली सही केली, तारीख घातली, शाईवर फुंकर मारली आणि कागद माझ्या हातात दिला.

"अब दबा बटन!"