मी न मोजलेली शेकरं

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जाईपर्यंतही नाही. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर आम्ही म्हातारे बसतो, जगाचे विषय निघतात — जंगलाचा निघाला की मी उठतो. किती वर्षं उठत राहणार?

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. जयगडच्या वाटेवरच्या एका गावात देवराई आहे. तिथली शेकरं मोजायचं काम माझ्याकडे आलं. पद्धत साधी. आखलेल्या वाटेनं सकाळी सावकाश चालायचं, शेकरू दिसलं की ते वाटेपासून किती लांब आहे ते टिपायचं. त्यावरून साऱ्या राईत किती असतील, याचा अंदाज निघतो. पण चालायला तर हवं ना?

त्या राईत पायताण चालत नाही. गुरवापासून सगळे अनवाणी जातात. आणि पाचोळ्यात फुरसं असतं. मी — वर्गात सापांची भीती घालवणारा मी — घाबरलो. हे कुणाला सांगणार? राईभोवतीच्या जांभ्याच्या गडग्याबाहेर उभं राहून दुर्बिणीतून घरटी मोजली, आणि दर घरट्यामागे एक शेकरू, असा हिशेब धरला. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, हे मला माहीत नव्हतं? मीच शिकवायचो ते. अंतरं घरी बसून, मनानं लिहिली.

काही वर्षांनी दुसरे अभ्यासक आले. ते अनवाणी चालले. त्यांना शेकरं जेमतेम दिसली. मग बाकीची गेली कुठे?

गावात परवान्याची बंदूक एकट्या दत्तारामाकडे. आंब्याच्या कलमांवरची वानरं हाकायला तो बार काढायचा, तोही हवेत. "काय रे दत्ता, शेकराचा रस्सा कसा लागतो?" — आधी ही थट्टा होती. मग ती थट्टा राहिली नाही. देवळात बैठक बसली, मलाही बोलावणं आलं. सगळ्यांदेखत तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, तुमी सवता मोजलीत ना? मग तुमीच सांगा, येवडी खरंच व्हती?"

मी म्हणालो, "होती."

एवढंच बोललो. पुरलं.

त्या शिमग्यात पालखी वाडीतल्या घराघरांत नाचली, त्याच्या अंगणात आली नाही. त्याची बायको अंगण सारवून, ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती म्हणे — ढोल पुढच्या वाडीत जाईपर्यंत. पुढच्या वर्षी तिनं अंगण सारवलं नाही.

एकदा गेलो त्याच्याकडे. सांगायलाच गेलो होतो. तो अंथरुणाला खिळलेला. "बसा मास्तर," म्हणाला. त्याच्या बायकोनं कोकमाचं सरबत दिलं, ते मी प्यायलो. यंदा मोहोर कसा आहे, असं विचारलं. धाप लागत होती, तरी त्यानं कलमाकलमाचं सांगितलं. मग मी एसटी चुकेल म्हणून उठलो.

त्या पावसाळ्यात तो गेला. त्याच्या खाटेशी बसून म्हणायचं होतं ते इतकंच — दत्ताराम, तेवढी शेकरं तिथं कधी नव्हतीच. मी राईत पाऊलही टाकलं नव्हतं. देवळात खोटं बोललो तो मी.